बेथ मीडची पेनल्टी आत गेली होती, मग परत का मारायला लावली?

रात्रपाळी_प्रेक्षक
महिला युरो २०२५ ची फायनल अखेर पूर्ण पाहिली. इंग्लंड-स्पेन १-१, मग पेनल्टी शूटआउट. इंग्लंडची पहिलीच किक बेथ मीडची. मारताना ती घसरली, तरी चेंडू जाळ्यात. रेफरीने गोल दिला नाही, पण किक बादही धरली नाही. परत मारायला लावली आणि स्पेनची गोलकीपर काता कोलने ती अडवली. चेंडूला दोनदा पाय लागला की किक वाया, असंच ऐकत आलोय. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या हुलियान अल्वारेझची किक याच कारणावरून सरळ बाद झाली होती. मग इथे वेगळा न्याय का?

कट्टर_ला_रोहा
इंग्लंड आहे हो. अजून काय कारण पाहिजे?

जाळ्याची_राखण
कारण आहे, आणि ते अल्वारेझच आहे. त्याच्या किकवरून एवढा गदारोळ झाला की नियम बनवणाऱ्या आयफॅबने जूनमध्ये खुलासा काढला. पाय घसरून किंवा चुकून दोनदा स्पर्श झाला आणि चेंडू आत गेला, तर किक पुन्हा. आत नाही गेला, तर शूटआउटमध्ये ती हुकलेलीच धरायची. हे लागू झालं १ जुलैपासून आणि युरो सुरू झाला २ जुलैला. त्यामुळे रेफरी फ्रापारबाईंनी कोणावर मेहेरबानी वगैरे केली नाही, ताज्या नियमानेच चालल्या.

रिप्ले सावकाश बघा. मीडचा टेकूचा पाय सरकतो, उजव्याने मारलेला चेंडू त्या टेकूच्या पायाला लागून जातो. असल्या चेंडूचा गोलकीपरने अंदाज तरी कसा बांधायचा? मी बरीच वर्षं गोलमध्ये उभी राहिलेय, म्हणून माझी सहानुभूती आपोआप कीपरकडे जाते. तरीही मला नवा नियम पटतो. दोनदा खेळू नये हा नियम मुद्दाम दुसऱ्यांदा चेंडू मारणाऱ्यासाठी होता. ओल्या गवतावर सटकणाऱ्याला तीच शिक्षा म्हणजे फारच झालं.

आणि पुन्हा किक म्हणजे मारणारीची चंगळ, असं समजू नका. कीपरला तिची धाव एकदा फुकटात बघायला मिळालेली असते. मारणारी मात्र आनंद करायला वळलेली, तिला परत बोलावून चेंडू ठेवायला सांगतात. त्या क्षणी मला विचाराल तर मी कीपरच्या जागी उभी राहीन.

कट्टर_ला_रोहा
बरं, नियम मान्य. पण कोलने मीडची अडवली, लेआ विल्यमसनचीही अडवली, आणि हरलो आम्ही स्पेनवालेच. हे कुठल्या कलमात बसतं?

जाळ्याची_राखण
इंग्लंडची गोलकीपर हॅना हॅम्प्टन, तिच्या कलमात 🙂 तिने तुमच्या मारिओना आणि ऐताना बोनमाती दोघींच्या अडवल्या, सल्माची बाहेर गेली, आणि इंग्लंडच्या क्लोई केलीने ३-१ करून विषय संपवला. कीपरचं दुःखच म्हणाल तर स्वीडनच्या येनिफर फाल्कचं बघा. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीत पठ्ठीने चार किक अडवल्या! त्यातल्या तीन अडवून झाल्यावर स्वीडनची पाचवी किक स्वतः मारायला आली. आत गेली असती तर सामना तिथेच खिशात होता, पण मारली बारवरून. त्या शूटआउटमध्ये चौदापैकी नऊ किक वाया गेल्या आणि इंग्लंड ३-२ ने सुटलं. समोर हॅम्प्टन रक्त येणाऱ्या नाकात बोळा कोंबून उभी होती.

रात्रपाळी_प्रेक्षक
नियमाचं कळलं, धन्यवाद. पण थांबा, त्या स्वीडनच्या सामन्यात मीडचीही किक अडवली गेली होती ना? मग फायनलला पहिली किक पुन्हा तिलाच?

जाळ्याची_राखण
हो, फाल्कनेच अडवली होती. हा प्रश्न मात्र इंग्लंडच्या प्रशिक्षक सरीना वीगमनना विचारा. सलग तीन युरो जिंकलेल्या बाईला मी काय शिकवणार?

कट्टर_ला_रोहा
विचारा विचारा. उत्तर आलं की मलाही टॅग करा.