मदत हवी आहे: इंजिनिअरिंगची डिग्री नसताना इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्सला अप्लाय करता येतं का? (अर्जंट)

सांधेजोड:
नमस्कार मंडळी. थोडक्यात सांगते. माझं बॅकग्राउंड नॉन-इंजिनिअरिंग आहे आणि मला बाहेर इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचंय. एक कन्सल्टंट म्हणतो आरामात होईल, दुसरा म्हणतो विसरा आणि एमबीए करा. युनिव्हर्सिट्यांच्या साईटवर सगळीकडे "इंजिनिअरिंग किंवा रिलेटेड फील्डमधली बॅचलर्स" एवढंच लिहिलेलं असतं, आता रिलेटेड म्हणजे काय ते कोण ठरवणार? डिसेंबर-जानेवारीच्या डेडलाईन्स आहेत, वेळ नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, होतं की नाही. हो किंवा नाही एवढं लिहिलंत तरी चालेल.

पाचवा_गिअर:
हो.

टोकदार:
नाही.

निळी_शाई:
वरच्या दोघांकडे लक्ष देऊ नका, ते सगळ्या धाग्यांवर असंच करतात. पण तुम्हीही काहीच लिहिलं नाहीये हो. डिग्री कशातली, ब्रांच कुठली हवीय, देश कुठला? बीएस्सी फिजिक्सवाल्याला मटेरियल्स सायन्स जवळजवळ घरचंच आहे आणि बीए झालेल्याला सिव्हिल म्हणजे पार दुसरं टोक, दोघंही स्वतःला नॉन-इंजिनिअरिंगच म्हणवतात.

उंटावरचा_शहाणा:
मी स्वतः कॉमर्सचा आणि आज सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो, सरळ कॉम्प्युटरकडे वळ. नॉन-सीएस लोकांसाठी मुद्दाम काढलेले प्रोग्राम आहेत, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा एमसीआयटी आहे, नॉर्थईस्टर्नचा अलाइन आहे, तिथे तुझी आधीची डिग्री कशातली हा अडथळाच नाही. एमसीआयटी तर ऑनलाइनही आहे. बाकी मेकॅनिकल सिव्हिलच्या नादी लागून काय मिळणारे?

टोकदार:
कॉम्प्युटरचं कोणी विचारलंय का? तुम्हाला कोणी पित्तावर औषध विचारलं तरी तुम्ही पायथॉन शिका म्हणाल.

गेटवाला:
बाहेर जायची घाईच कशाला म्हणतो मी. गेट द्या, एमटेकची प्रवेश परीक्षा. आता सायन्स, कॉमर्स, आर्ट्सवाल्यांनाही बसता येतं, स्कोअर तीन वर्षं चालतो, १०० मार्कांचा पेपर, त्यात १५ मार्कांचं तर नुसतं ॲप्टिट्यूड. माझ्या रूममेटने एमएस्सी फिजिक्स करून गेटवर एमटेक घेतलं.

निळी_शाई:
गेटला बसता येणं वेगळं आणि सीटला पात्र असणं वेगळं. प्रत्येक डिपार्टमेंट कुठली डिग्री चालेल ते स्वतः ठरवतं. आणि त्या "बाहेर" म्हणाल्यात, पहिल्याच ओळीत आहे.

सांधेजोड:
अहो मी हो-नाही विचारलं होतं, इथे गेटवर चर्चा चालू झाली. ठीक आहे, सांगते. फिजिओथेरपी केलंय, साडेचार वर्षांची डिग्री इंटर्नशिप धरून. बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय, त्यातही रिहॅब आणि प्रोस्थेटिक्सची (कृत्रिम हातपायांची) साईड. देश अमेरिका किंवा जर्मनी, जिथे होईल तिथे. मार्क्स चांगले आहेत. न्यूरो रिहॅबमध्ये काम करतेय सध्या.

पाचवा_गिअर:
आयडीवरूनच ओळखायला हवं होतं. मला वाटलं वेल्डिंगवाले आहात.

आरामखुर्ची:
अरे वा, फिजिओ का. माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. कुठला व्यायाम करावा?

गेटवाला:
बायोमेडिकल असेल तर मग प्रश्नच मिटला. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आणि आयआयटी खरगपूरला मेडिकलवाल्यांसाठी खास मास्टर्स आहे, एमएमएसटी.

टोकदार:
एमएमएसटी एमबीबीएसवाल्यांसाठी आहे. त्या फिजिओ आहेत. वाचत जा हो आधी.

लसावि:
मी बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये काम करतो आणि आमच्याकडे येणारे अर्ज बघितलेत, त्यामुळे विचारतोय. तुमच्या मार्कशीटवर गणित किती आहे? कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरेन्शियल इक्वेशन्स यातलं काहीही?

सांधेजोड:
बायोमेकॅनिक्स होतं ना आम्हाला, इलेक्ट्रोथेरपीत फिजिक्सही होतं, आणि बायोस्टॅट.

लसावि:
ते नाही विचारलं. बारावीला गणित होतं का?

सांधेजोड:
नव्हतं. बायोलॉजी ग्रुप. पण ॲडमिशनला बारावी कोण बघतंय?

लसावि:
बारावी कोणी बघत नाही, बरोबर. पण बारावीला नव्हतं आणि डिग्रीतही नव्हतं म्हणजे तुमच्या एकाही अधिकृत कागदावर दहावीनंतरचं गणित नाही. धाग्याचा खरा प्रश्न हा आहे, इंजिनिअरिंगची डिग्री असणं-नसणं नंतर. "रिलेटेड फील्ड" कोण ठरवतं विचारलंत ना, तर कमिटीतले लोक मार्कशीट उघडतात आणि बघतात की पहिल्या सेमिस्टरचे कोर्सेस हा माणूस झेपवेल का. फिजिक्सवाला म्हणूनच सहज निघतो, डिग्रीचं नाव काहीही असो.

हे नुसतं कागदी खुसपट आहे असं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. पेशंटची चाल मोजताना आपण पायावर मार्कर लावतो, कॅमेरे त्यांची जागा नोंदवतात, सेकंदाला शंभर वेळा वगैरे. गुडघ्यावर किती मोमेंट (सांधा फिरवणारा जोर) आला हे काढायचं तर प्रवेग लागतो, म्हणजे जागेचं दोनदा डिफरेन्शिएशन. आता समजा मार्करच्या सिग्नलमध्ये फक्त १ मिलिमीटरचा, ३० हर्ट्झचा थरथराट मिसळलाय. डोळ्याला दिसणारही नाही. दोनदा डिफरेन्शिएट केलं की तो (२ × पाय × ३०) च्या वर्गाने गुणला जातो, म्हणजे ०.००१ मीटरचे झाले साधारण ३५.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पटीच्या वर, आणि पेशंट बिचारा हळू चालतोय. म्हणून आधी लो-पास फिल्टर लावतात, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या वरचा थरथराट गाळणारा, चालण्यासाठी बरेच जण ६ हर्ट्झच्या आसपासचा बटरवर्थ नावाचा फिल्टर वापरतात. आता ६ च का, १५ का नाही, पळणाऱ्यालाही ६ च लावला तर टाच टेकतानाचा धक्काच पुसला जाईल का, ही निर्णयाची जागा आहे आणि ती कॅल्क्युलसशिवाय कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बटण सगळ्यांनाच दाबता येतं.

उलट बाजूने, आमच्याकडच्या मेकॅनिकलवाल्या पोरांना स्पॅस्टिसिटी (मेंदू-मज्जारज्जूच्या बिघाडाने ताठलेला स्नायू) आणि कॉन्ट्रॅक्चर (आखडून आखूड झालेला स्नायू) यातला फरक दाखवायला फिजिओच लागतो. म्हणजे तुमच्याकडे अर्धं आहे, आणि ते अवघड अर्धं आहे.

सांधेजोड:
६ हर्ट्झवालं वाचून थोडं डोकं गरगरलं पण कळलं. आमच्याकडे चाल बघून कमेंट लिहितात, "रिड्यूस्ड नी फ्लेक्शन इन स्विंग", म्हणजे पाय पुढे टाकताना गुडघा कमी वाकतो, पण किती त्याचा आकडा कोणी लिहीत नाही, तिथेच माझं डोकं फिरतं आणि म्हणून तर हे करायचंय. बरं मग गणित यूट्यूबवरून करू का? एमआयटीचे कोर्सेस फुकट आहेत ना सगळे?

निळी_शाई:
एमआयटीचं ओपनकोर्सवेअर शिकायला उत्तम आहे, गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची लेक्चर्स तर जरूर बघा. पण त्याला क्रेडिट नाही, ट्रान्स्क्रिप्ट नाही. ॲडमिशनसाठी ग्रेड असलेला कोर्स लागतो, कुठल्याही मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीचा ऑनलाइन चालतो बऱ्याच ठिकाणी, पण कुठला चालेल ते आधी डिपार्टमेंटला विचारून घ्या, भरून बसल्यावर नको. शिकणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, तुम्हाला दोन्ही करायची आहेत.

उंटावरचा_शहाणा:
किंवा जीआरईला (बाहेरच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, पैकीच्या पैकी १७० काढा, विषय संपला. गणित येतं हे सिद्ध झालं.

लसावि:
जीआरईच्या क्वांटमध्ये कॅल्क्युलस नसतंच. शाळेच्या पातळीचं गणित आहे ते. शिवाय बऱ्याच डिपार्टमेंट्सनी आता जीआरई मागणंच बंद केलंय.

उंटावरचा_शहाणा:
मग माझं कसं झालं?

टोकदार:
तुमचं कॉम्प्युटरमध्ये झालं.

परदेशस्थ_अपरिहार्य:
जर्मनीबद्दल लिहितो कारण इथे राहतो. जर्मनी यादीत खाली टाका. इथले बहुतेक मास्टर्स कॉन्सेक्युटिव्ह असतात, म्हणजे त्याच विषयातली बॅचलर्स पुढे चालू ठेवायची अशी कल्पना, आणि ते विषयवार ईसीटीएस क्रेडिट्स (युरोपातलं अभ्यासाचं माप) जुळवून बघतात. गणितात इतके, मेकॅनिक्समध्ये इतके. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि अख्खी बॅचलर्स साधारण किमान १८० ची. थोडे कमी पडले तर काही ठिकाणी "हे बॅचलर्सचे विषय इथे येऊन करा" अशी अट घालून घेतात. पण गणिताच्या रकान्यात शून्य असेल तर अनुभव कितीही असो, तो मोजायला फॉर्ममध्ये जागाच नसते. वर एपीएस सर्टिफिकेट (तुमच्या डिग्रीच्या कागदांची पडताळणी) लागतं, त्यात वेळ जातो तो वेगळा. अमेरिकेत निदान माणूस अर्ज वाचतो.

निळी_शाई:
अमेरिकेत बोस्टन युनिव्हर्सिटीचा लीप बघा. लेट एंट्री ॲक्सिलरेटेड प्रोग्राम. इंजिनिअरिंगची डिग्री नसलेल्यांसाठीच आहे, आधी बॅचलर्सचे पायाभूत कोर्सेस करायचे आणि मग मास्टर्सचे. वेळ जास्त जातो अर्थात. इतर ठिकाणी "कंडिशनल ॲडमिशन" किंवा "प्रीरिक्विझिट" हे शब्द शोधा, "रिलेटेड फील्ड" शोधून काही हाती लागणार नाही.

फाऊंडेशन_पक्कं:
सगळे ॲडमिशनचं बोलताय पण पुढचं कोणी सांगत नाही. नुसतं मास्टर्स करून तुम्ही इंजिनिअर होत नाही. वॉशिंग्टन ॲकॉर्ड, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशादेशांतला करार, १९८९ चा आहे आणि तो बॅचलर्सच्या डिग्रीला लागू होतो. अमेरिकेत पीईचं (प्रोफेशनल इंजिनिअरचं) लायसन्स काढायला गेलात की बॅचलर्स ॲबेट या तिथल्या संस्थेच्या मान्यतेची आहे का हेच पहिलं विचारतात. मी स्ट्रक्चरलमध्ये आहे, रोज बघतो.

लसावि:
तुम्ही पूल बांधता, तुम्हाला सही करायला लायसन्स लागतं. प्रोस्थेटिक गुडघा बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनवर काम करणाऱ्यांपैकी पीई असलेले शोधावे लागतील. तिथे डिव्हाइसला मंजुरी लागते, माणसाच्या सहीला नाही.

फाऊंडेशन_पक्कं:
आज लागत नाही म्हणून उद्या लागणार नाही असं नाही. पाया कच्चा तो कच्चाच.

लसावि:
मग त्यांनी पुन्हा चार वर्षांचं बीई करावं का? वय, नोकरी, सगळं सोडून?

फाऊंडेशन_पक्कं:
मी तसं म्हटलं नाही. सावध केलं फक्त.

आरामखुर्ची:
गुडघ्याचं राहिलंच.

सांधेजोड:
काका, तपासल्याशिवाय व्यायाम सांगणार नाही, जवळच्या फिजिओला दाखवा, आणि जिना उतरतानाच दुखतं हे त्यांना नक्की सांगा. आता प्लीज विषयावर येऊ या. बाकी कुठला देश राहिलाय का जिथे क्लिनिकल लोकांना घेतात?

प्लास्टर_ऑफ:
ऑक्युपेशनल थेरपीवाली आहे मी, तुमच्याच वाटेवरची. यूके कोणीच बोललं नाही म्हणून. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीचं बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं एमएस्सी बघा. पात्रतेत इंजिनिअरिंग, फिजिकल सायन्ससोबत लाइफ सायन्स, मेडिसिन आणि मेडिसिनशी संलग्न व्यवसाय असं धरलेलं आहे, त्यात आपण बसतो. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचं तर ते जुनं ठिकाण आहे. एक वर्षाचा कोर्स, म्हणून लोक खूष होतात, पण एका वर्षात गणित शिकायला वेळ कुठून आणणार, तेव्हा जाण्याआधीच करून ठेवा. आणि तुमच्या एसओपीत (अर्जासोबतच्या निबंधात) "लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड" वगैरे लिहिलं असेल तर काढा.

सांधेजोड:
लिहिलंय :(

लसावि:
काढा. त्या जागी "रिड्यूस्ड नी फ्लेक्शन"वालं लिहा, आकडा कोणी लिहीत नाही ते. आणि ओपनसिम उतरवून घ्या, शरीराच्या हालचालींचं सॉफ्टवेअर, स्टॅनफर्डचं आहे, फुकट आहे, चालीचं तयार मॉडेल सोबत येतं. त्यात गुडघ्याचा एक अँगल आणि एक मोमेंट काढून ग्राफ बनवा. फिजिओने स्वतः हे केलंय म्हटल्यावर कमिटीला गणिताची भूक दिसते. ग्रेड नसली तरी कोर्स चालू आहे हे अर्जात दाखवता येतं.

सांधेजोड:
ओके. तर कॅल्क्युलसचा ग्रेडवाला कोर्स लगेच घेते, स्ट्रॅथक्लाइडला आणि लीपला आधी मेल टाकते, जर्मनी सोडलं. मेलचा मसुदा असा आहे: "मी फिजिओथेरपिस्ट असून मला बायोमेडिकल इंजिनिअरिंगची अतिशय आवड आहे. माझं बॅकग्राउंड नॉन-इंजिनिअरिंग आहे. मी अप्लाय करू शकते का?" चालेल?

लसावि:
नाही. इथे जे झालं तेच तिथे होईल, फक्त ते उलट विचारणार नाहीत, छापील उत्तर पाठवतील. डिग्री, वर्षं, गणित नाही हे पहिल्या दोन ओळीत सरळ लिहा. मग विचारा, "कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा अमुक युनिव्हर्सिटीतून अमुक महिन्यापर्यंत पूर्ण करतेय, एवढं पुरेल की डिफरेन्शियल इक्वेशन्सही प्रवेशाआधी हवं?" याला कोणाला तरी खरं उत्तर लिहावंच लागेल. मार्कशीट जोडा. मेल ॲडमिशन ऑफिसला नको, प्रोग्राम डायरेक्टरला.

उंटावरचा_शहाणा:
सीसीत एमसीआयटीवाल्यांनाही ठेवा, जाता जाता.