कर्करोग गेला, पण शौचाचा त्रास उरला
गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाचा त्रास होत असताना ‘कर्करोग गेला ना, मग आता या तक्रारी कशाला’ असं तुमच्या वडिलांना ऐकावं लागलं, हे तुमच्या पत्रात वाचून फार वाईट वाटलं. त्रास खरा आहे. मळ साठवणारा गुदाशयच काढला, त्यात रेडिएशन झालेलं असलं, की तासाभरात चारदा जावं लागतं, घाई आवरत नाही, वायू सरतोय की मळ तेही कळत नाही. याला ‘लार्स’ (लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, म्हणजे गुदाशय काढल्यानंतरचा शौचाचा त्रास) म्हणतात. २०१२ पासून त्याची पाच प्रश्नांची गुणपद्धती आहे. ४२ पैकी ३० किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र त्रास. ती प्रश्नावली भरून डॉक्टरांसमोर ठेवाच. लोपेरामाइड हे जुलाब आवरणारं औषध, ओटीपोटाच्या तळाच्या (गुदद्वाराभोवतीच्या) स्नायूंचे व्यायाम, गुदमार्गे पाणी सोडून आतडं धुणं, असे उपाय त्यांच्या सल्ल्याने करता येतात. घराबाहेर पडणं बंद झालं असेल तर तेही स्पष्ट सांगा, आपणहून फारसं कोणी विचारत नाही.