धुकं, पाऊस, बर्फ: फ्लाइट रद्द झाली तेव्हा तिकीट कसं बदलून घेतलंत?

डिसेंबर लागला की दिल्लीच्या फ्लाइट्सचं काही खरं नसतं, पावसाळ्यात मुंबईचं तेच. अशा वेळी तुम्ही नेमकं काय केलंत ते सविस्तर लिहा, एकट्याने प्रवास करणाऱ्या आईबाबांना फार उपयोग होईल.

---

दिल्ली-पुणे, जानेवारी. आदल्या रात्री मेसेज आला की धुक्यामुळे वेळ फुकट बदलून मिळेल, लगेच सकाळची सोडून दुपारची घेतली कारण धुकं पहाटेपासून नऊ-दहापर्यंत दाट असतं, मग निवळतं. धावपट्टीवर कॅट थ्रीची (म्हणजे दाट धुक्यातही उतरवणाऱ्या यंत्रणेची) सोय असली तरी विमान आणि पायलट दोघंही त्यासाठी पात्र लागतात, म्हणून एक विमान उतरतं आणि दुसरं जयपूरला वळवतात. पहाटेचं पहिलं विमान घ्या म्हणतात ते मुंबईच्या पावसात बरोबर आहे, रात्रीच येऊन उभं असतं ना. दिल्लीच्या थंडीत मात्र अजिबात नको.

---

कृपा करून घाबरून स्वतःहून कॅन्सल करू नका!! चार्जेस कापले जातात. कंपनीने रद्द केली तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमाने पूर्ण रिफंड किंवा दुसरी फ्लाइट, निवड आपली. हवामानामुळे असेल तर वेगळी भरपाई मिळत नाही, त्यावरून काउंटरवरच्या पोरांशी भांडू नका.

---

जुलैत सासूबाईंना मडगावला सोडायचं होतं, गोव्याच्या दाबोळी विमानतळाची फ्लाइट रद्द. फोनवरची मुलगी उद्याचीच देते म्हणत होती, तोवर मी अ‍ॅपवर त्याच कंपनीची संध्याकाळची मोपाची (गोव्यातलाच दुसरा विमानतळ) शोधून ठेवलेली, फ्लाइट नंबरच सांगितला आणि जास्तीचे पैसे न घेता मिळाली. मोपा पेडण्यात, तिथून मडगाव लांब, टॅक्सीला बऱ्यापैकी पैसे गेले, पण त्या रात्री घरी पोचल्या.

---

इकडे अमेरिकेत बर्फाचं वादळ यायच्या आधीच एअरलाइन्स ट्रॅव्हल वेव्हर (तिकीट फुकट बदलायची सूट) काढतात, तो निघाल्या निघाल्या बदलायचं, नंतर सीट उरत नाहीत. आम्ही शिकागो टाळून डॅलसवरून मागितलं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर होता म्हणून पुढची मुंबईची पण त्यांनीच बदलली. दोन वेगळी तिकिटं असती तर दुसरीवाले नो-शो (प्रवासी आलाच नाही असा शेरा) लावून मोकळे.

---

एजंटकडून काढलेलं तिकीट असेल तर रिफंड कोण देणार?

---

जबाबदारी एअरलाइनचीच, डीजीसीएचा तसा नियम आहे. एजंटने टोलवाटोलवी केली तर एअरलाइनला लेखी मेल करा, पीएनआर आणि रद्द झाल्याचा मेसेज जोडून.