सल्ला हवा: पुणे स्टेशनजवळच्या पाच मुलांना कामाला लावायचंय, 35 हजारांत काय करावं?

अवंती_क
आमचा रविवारचा गट आहे. पाच मुलगे, वय 18 ते 20. दोघे 18 पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेले, तिघे लहानपणापासून फलाटावरच. शिक्षण सातवी ते दहावी नापास. हॉटेलात कामाला लागतात आणि महिन्याच्या आत सुटतात. पैसे एकूण 35,000, मुदत तीन महिने. एमएस-सीआयटी करून द्यावं, लायसन्स काढावं की आणखी काही?

सुहास_देव
दोन जुने लॅपटॉप घ्या, 8 जीबी रॅमचे, आणि टॅली शिकवा. संगणकाशिवाय आज कुणी उभं करत नाही. पन्नासेक हजारांत होऊन जाईल.

नाना_खडकी
देवसाहेब, 35 म्हटलंय त्यांनी. आणि फलाटावर झोपणारा मुलगा लॅपटॉप ठेवणार कुठे?
आधी कागद. आधार आहे का एवढंच विचारू नका, त्याला लागलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. सिम बहुतेक दुसऱ्याच्या नावावरचं असतं, मग ओटीपी येत नाही. वयाच्या 15 नंतरचं बायोमेट्रिक अपडेट (बोटांचे ठसे पुन्हा देणं) राहिलं असेल तर बँकेत ठसे जुळत नाहीत आणि पगाराचं खातं तिथेच अडकतं. पत्त्याला पुरावा नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी, फोटोवर अर्धा शिक्का हवा.

मीरा_पु
नानांना अनुमोदन, कागद आधी. मतदार ओळखपत्रही काढा. बेघर माणसाला फॉर्म 6 (मतदार नोंदणीचा अर्ज) भरताना पत्त्याचा कागद लागत नाही. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी, रात्री येऊन तो सांगितलेल्या जागी झोपतो का ते बघतात, एकापेक्षा जास्त रात्री. त्या दिवसांत मुलाने जागा बदलली की अर्ज गेला, हे त्याला नीट समजावा. हे कार्ड बँकेत पत्त्याला चालतं, पॅन चालत नाही.
आणि बालगृहातल्या दोघांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करा. मिशन वात्सल्यमध्ये अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधारासाठी, महिना 4,000 आहेत, वयाच्या 21 पर्यंत.

शिरीष७७
मिशन वात्सल्य कोविडमध्ये नवरा गेलेल्या बायकांसाठी आहे. चुकीची माहिती पसरवू नका.

मीरा_पु
ती राज्याची, 2021 ची. मी केंद्राच्या योजनेबद्दल बोलतेय. नाव एक, योजना दोन. मात्र फलाटावरच्या तिघांना हे मिळणार नाही, संस्थेतून बाहेर पडल्याची नोंद लागते.

शिरीष७७
मग अनाथांचं 1 टक्का आरक्षण आहे की 2018 पासून. त्यातून सरकारी नोकरी बघा.

नाना_खडकी
त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. आईबाप हयात असून घर सोडलेल्या मुलाला ते कसं मिळेल? शिवाय शिक्षण सातवी. दहावीला बसवायचं तर 17 नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरा, पण ते तीन महिन्यांचं काम नव्हे.

गौरी_हडपसर
मुलं हॉटेलात का लागतात याकडे कुणी बघतच नाहीये. तिथे जेवण आणि झोपायला जागा मिळते. पण मालकाशी वाजलं की नोकरी आणि छप्पर एकाच रात्री जातं, मुलगा परत फलाटावर. दुसरीकडे लावलं तर पहिला पगार हातात यायला 35-40 दिवस जातात. तेवढे दिवस खाणार काय? रोज संध्याकाळी पैसे देणारं काम ओढून नेतं. पैसे या मधल्या दिवसांत घाला, पाचही जणांना सारखे, जेवणाच्या कुपनांत. रोख नको.
मुलाखतीची तयारी करून घेताना 'गाव कुठलं, घरी कोण असतं?' याचं उत्तर दोन वाक्यांत बसवून घ्या. अर्जातल्या 'कायमचा पत्ता' या रकान्याशी पेन थांबतं आणि मुलगा उठून निघून जातो. तिथे काय लिहायचं ते आदल्या दिवशी ठरवा.
आणि प्रत्येकामागे एकच माणूस नेमा, गट नको. पहिले पंधरा दिवस सकाळी फोन. पगाराची स्लिप शेजारी बसून वाचा. पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के कापलेले दिसले की 'मालकाने खाल्ले' म्हणून काम सोडतात.

सुहास_देव
लॅपटॉप असता तर स्लिपही ऑनलाइन बघता आली असती.

रिक्षा_स्टँड
सिक्युरिटीत घाला. पण युनिफॉर्मचे पैसे आणि नोंदणी फी आधी मागणारी एजन्सी टाळा.
खातं उघडल्यावर मुलाला बजावून सांगा: एटीएम कार्ड आणि सिम 'भाड्याने' मागणारे स्टेशनजवळ फिरतात. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या मागे लागतात.

अवंती_क
सगळ्यांचे आभार. कागद पाचही जणांचे करतो, त्याला पैशापेक्षा खेपाच जास्त लागतील. पैसे मात्र दोघांवरच लावायचं ठरलंय. कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेपुरती) जागा 3,500, खानावळ 3,000, दोघांचे दोन महिन्यांचे 26,000. डिपॉझिट 7,000. उरलेल्या 2,000 त बूट आणि पीएमपी बसचा पास. एमएस-सीआयटी, लायसन्स नंतर.

गौरी_हडपसर
मला नाही पटलं. उरलेले तिघे पुढच्या रविवारी तोंड फिरवतील.

अवंती_क
ती भीती आहेच. पण 35,000 पाच जणांत वाटले तर कुणाचाच महिना धड निघत नाही. डिपॉझिट परत आलं की तिसऱ्याची सोय बघू.

नाना_खडकी
मग डिपॉझिटची पावती गटातल्या कुणाच्या तरी नावाने घ्या, मुलाच्या नको. भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांत ऑनलाइन भरली का तेही बघा, त्याची प्रत सिक्युरिटी एजन्सी मागते.