आपला माणूस परक्या कोर्टाला द्यायचाच नाही? कालच्या पोस्टला उत्तर

मीरारोडकर:
काल इथे एका पोस्टमध्ये वाचलं की भारतीय नागरिकाने काही केलं असेल तर शिक्षा भारतीय कोर्टच देईल, दुसऱ्या देशाने कितीही मागितला तरी आपला माणूस हवाली करायचा नाही. खाली सगळे "एकदम बरोबर", "याला म्हणतात स्वाभिमान". राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी टाकल्या, सातशेच्या वर पोरंपोरी ताब्यात घेतली. धंदा काय, तर अमेरिकेतल्या लोकांना फोन लावायचा, आम्ही टॅक्स खात्यातून बोलतोय, पैसे थकलेत, आत्ता भरा नाहीतर पोलीस दारात येतील. बिचारी म्हातारी माणसं घाबरून गिफ्ट कार्ड आणायची आणि फोनवर नंबर वाचून दाखवायची. आमच्या सोसायटीतला एक मुलगा त्यात होता आणि त्याच्या आईपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचं एकच, अमेरिकनांनाच लुटलं ना, आपल्यातल्या कुणाला नाही ना. तेव्हाही चीड आली होती, आजही येते. त्याच धंद्यातला अहमदाबादचा हितेश पटेल २०१८ ला सिंगापूरला उतरला आणि अडकला, २०१९ ला सिंगापूरने अमेरिकेला दिला, २०२० ला तिथे वीस वर्षांची शिक्षा लागली. इथेच बसून राहिला असता तर? जिची म्हातारपणाची पुंजी गेली ती बाई अमेरिकेहून आपल्याकडे तारखांना येणार होती का?

१० एप्रिल २०२५ ला तहव्वुर राणाला दिल्लीत उतरवलं तेव्हा आपण सगळे खूश झालो. राणा २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी, कॅनडाचा नागरिक, पकडला शिकागोत, माणसं मेली मुंबईत. जिथे वाटोळं केलं तिथे जाब द्यायचा, हाच नियम ना? मग तो आपल्यालाही लागू.

खडकवासला:
राणा दिला, हेडली कुठाय? त्याच हल्ल्याची रेकी त्याने केली, ताजपासून नरिमन हाऊसपर्यंत सगळं फिरून शूट करून नेलं. अमेरिकेने त्याच्याशी सौदा केला, गुन्हा कबूल कर, तुला भारताला देणार नाही. २०१३ ला ३५ वर्षं दिली आणि आपल्या वाट्याला काय तर २०१६ ला मुंबई कोर्टात व्हिडिओवरून साक्ष, तीही माफीचा साक्षीदार म्हणून. आणि युनियन कार्बाइडचा प्रमुख अँडरसन? भोपाळची वायुगळती १९८४, भारताने रीतसर मागणी केली २००३ ला, ते नाही म्हणाले २००४ ला, २०१४ ला फ्लोरिडात वय होऊन मेला. अमेरिकेतल्या म्हातारीसाठी तुमचा जीव तुटतो, भोपाळच्या बायांचं काय? आपल्या प्रत्यार्पण कायद्यात ३४अ कलम आहे, माणूस देता येत नसेल तर इथे खटला चालवा. तो चालवा की.

मीरारोडकर:
हेडली आणि अँडरसन मान्य, दोन्ही वेळा अमेरिकेने आपल्या तोंडाला पानं पुसली. पण त्याची भरपाई कॉल सेंटरवाल्याला पाठीशी घालून कशी होते ते सांगा. ३४अ म्हणता, साक्षीदार तिकडे, बँकेचे रेकॉर्ड तिकडे, इथला सरकारी वकील काय वाचून दाखवणार?

काळाकोट:
दोघंही असं बोलताय जणू फोन आला की विमानात बसवतात. आधी करार लागतो, मग दिल्लीत मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी, मग हायकोर्ट, मग सरकार. तो प्रकार दोन्ही देशांत गुन्हा असावा लागतो. फ्रान्स, जर्मनी त्यांचे नागरिक आपल्याला देत नाहीत. ब्रिटनशी मात्र १९९२ चा करार आहे आणि आपण २००७ मध्ये मनिंदरपालसिंग कोहलीला दिलं. साउदॅम्प्टनला एका कॉलेजातल्या मुलीचा बलात्कार करून खून केला आणि इकडे पळून येऊन दार्जिलिंगकडे नाव बदलून राहत होता, लग्नही केलं होतं. त्या मुलीचे आईबाप स्वतः भारतात येऊन आवाहन करून गेले. त्यांना काय सांगायचं होतं, स्वाभिमान?

मस्कत_ते_मालवण:
पुस्तकी बोलू नका, परक्या देशाचा कायदा काय असतो ते माझ्या मेव्हण्याला विचारा. दिवाळीला सासूबाईंनी अनारसे दिले आणि वर खसखशीची पुडी, तिकडे करून खा म्हणून. आखातातल्या एका विमानतळावर बाजूला घेतलं. आपल्याकडे वाण्याकडे मिळते ती खसखस, यूएईमध्ये अमली पदार्थात धरतात. रात्रभर बसवून ठेवला, हातपाय गार. असल्या कायद्यांना आपली माणसं द्यायची?

सातारी_बाणा:
तिकीट काढण्याआधी काय न्यायचं काय नाही ते बघायला नको? सगळीकडे लिहिलेलं असतं.

मस्कत_ते_मालवण:
माझ्या मेव्हण्याला अक्कल शिकवू नका. तिथे जहाजावर हेल्पर म्हणून गेलेल्या पोराला कोण वाचून दाखवतं? मुंबईचं एक नवरा-बायको २०१९ ला कतारला गेलं, नात्यातल्याच बाईने दिलेल्या पाकिटात चरस निघाला, दहा वर्षांची शिक्षा लागली, बाई पोटुशी होती, लेक तुरुंगात जन्मली. इथल्या एनसीबीने, म्हणजे अमली पदार्थविरोधी खात्याने, धागेदोरे शोधून काढले तेव्हा २०२१ ला सुटले. इथलं सरकार हललं म्हणून सुटले, लक्षात ठेवा.

सातारी_बाणा:
ते वाईटच झालं, पण खसखशीचं आणि त्याचं काय?

काळाकोट:
धागा पार खसखशीवर गेलाय म्हणून सांगतो. तिकडे जाऊन सापडणं वेगळं आणि इथून पाठवणं वेगळं. खसखशीसाठी मालवणातून कुणालाही कुणी नेऊ शकत नाही, कारण आपल्याकडे तो गुन्हाच नाही.

प्राजक्ता_ठाणे:
मला तुम्हा सगळ्यांना एक विचारायचंय. माझ्या बहिणीचा नवरा अमेरिकेत आहे, भारतीय पासपोर्टवाला, आपलाच नागरिक. लग्नानंतर आठ महिने मारहाण, मग दागिने ठेवून घेऊन तिला इकडे पाठवलं, तिकडून एकतर्फी घटस्फोटाचे कागद. ४९८अ खाली, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाखाली, गुन्हा नोंदवून वर्षं झाली, समन्स पोचत नाही, तो तिकडे घर घेऊन बसलाय. उद्या अमेरिका म्हणाली आमच्याकडे राहणारा माणूस आम्ही देत नाही, तर तुम्ही टाळ्या वाजवणार का?

काळाकोट:
ताई, तुमची अडचण नेमकी दोन्ही देशांत गुन्हा असण्याच्या त्याच नियमात आहे. ४९८अ सारखं कलम तिकडे नाही. खसखसवाला ज्या नियमाने वाचतो त्याच नियमाने हा वाचतो. मारहाणीचे मेडिकल कागद असतील, तिथल्या पोलिसांकडे तक्रार झाली असेल, तर त्यावर केस उभी करा, पासपोर्ट जप्तीचा अर्ज आधी टाका.

खडकवासला:
ताई, तो माणूस ओढून आणलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

मीरारोडकर:
मग दुसऱ्याच्या बहिणीसाठी आपला माणूस देताना दुमत का?

खडकवासला:
कारण देणारे नेहमी आपण आणि अडवणारे नेहमी ते. १९१० ला सावरकरांनी मार्सेलिसला उडी मारली, फ्रान्सच्या जमिनीवर पकडले, फ्रान्सने परत मागितले आणि १९११ ला हेगच्या लवादाने सांगितलं ब्रिटनने परत द्यायची गरज नाही. बलवान देश आपसात मिटवतात. खुनी, बलात्कारी द्या, कोहलीचं मी धरून ठेवत नाही. कॉल सेंटरच्या सूत्रधारालाही द्या एकवेळ. पण वीस हजार पगारावर फोन करणारं मीरा रोडचं पोरगं मी देणार नाही, त्याला इथेच आत टाका.

मीरारोडकर:
पोरगं मीही मागितलं नव्हतं. सूत्रधार दिलात, मला तेवढंच हवं होतं.

मस्कत_ते_मालवण:
आणि आखातातल्या तुरुंगांत आपली किती माणसं भाषा न कळता सह्या करून बसलीत, त्यांच्यासाठी दुभाषा आणि वकील सरकारने द्यावा यावर कुणीच बोलणार नाही का?