बॅटरीचं पाणी चालेल, पण नुसतं नको

छोट्या मॉडेल वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं शुद्ध पाणी, थेट भरा, असा सल्ला दिला जातो; तो मला अर्धाच पटतो. क्षार नसल्यामुळे आत थर धरत नाही, हे खरं. पण इतकं कोरं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि पितळेतलं जस्त हळूहळू खेचून घेतं. तांब्याच्या बॉयलरला फारसं काही होत नाही. पितळी बुश (बॉयलरला फिटिंग्ज जोडायच्या आट्यांच्या कड्या) मात्र आतून सच्छिद्र आणि ठिसूळ होतात, बाहेरून पत्ताही लागत नाही. दाबाखालच्या भांड्यात हे चालवून घेऊ नका. बुश गनमेटलचेच (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे) बसवा.

मुंबईत आपली एक सोय आहे. भातसा, तानसा, वैतरणेचं नळाचं पाणी तलावांचं, म्हणून मुळात मऊ. नऊ भाग बॅटरीचं आणि एक भाग नळाचं मिसळलं की पुरे. सोसायटीत टँकर किंवा बोअर असेल तर ते पाणी टाळा. तापलं की त्यातला चुना गेज ग्लासच्या (आतलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचनळीच्या) बारीक वाटांत बसतो आणि पाण्याची पातळी खोटी दिसते. एसीतून ठिबकणारं पाणीही नको, कॉइलवरची धूळ त्यात उतरते. आणि दाब पूर्ण उतरल्यावर, बॉयलर कोमट असतानाच रिकामा करा.