पेसमेकर बसवल्यानंतरही होणारी धडधड : आपापले अनुभव लिहा

नारायणपेठी
नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झालाय. काल खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मला पेसमेकर बसवला ते वर्ष आठवलं. तेव्हाही गणपती तोंडावर होते. आधी सारखी चक्कर यायची, नाडी फार कमी लागायची. कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला ठोक्याचा संदेश खाली पोचतच नव्हता. मशीन बसलं आणि चक्कर थांबली, पण रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत धडधड. घरचे म्हणायचे, आता मशीन आहे ना, मग कसली काळजी? पेसमेकर ठोके ठरावीक आकड्याच्या खाली जाऊ देत नाही. वाढलेले ठोके खाली आणणं हे साध्या पेसमेकरचं कामच नाही, हे मला खूप उशिरा कळलं. तपासणीत जादाचे ठोके पडताना दिसले, गोळी सुरू झाली. बरंच कमी आहे, पूर्ण गेलेलं नाही. रात्री एकटीने ते ऐकत पडणं फार कठीण असतं, म्हणून विचारतेय. स्वतःचे, आईवडिलांचे, जे असतील ते अनुभव लिहा.

धायरीकर
रिक्षा!! सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा निघाली की माझे ठोके शंभरावर. नुसता बसलेलो असायचो हो. मशीनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, हादरे बसले की त्याला वाटतं माणूस भराभर चालतोय, म्हणून ते ठोके वाढवतं. सेटिंग मंद करून घेतलं, आता आराम आहे. कापावं लागत नाही, छातीवर वरून यंत्र ठेवून होतं.

मनीषा_कोथरूड
बाबांचं वेगळंच निघालं. दवाखान्यात ईसीजी काढला की नॉर्मल, घरी आले की धडधड. सगळे म्हणाले मनाचं आहे. शेवटी पेसमेकरची मेमरी वाचली तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात ते), तेही बराच बराच वेळ चाललेलं! यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो म्हणून रक्त पातळ करायची गोळी लागली. तेव्हा वृद्ध माणूस धडधड सांगत असेल तर "मनाचं आहे" कृपया म्हणू नका. वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवा, मशीनमधल्या नोंदीशी ताडून बघता येते. कुकर झाला, येते परत.

पर्वती_रोज
मनीषाताई +१. वही खरंच उपयोगी.

सानेवाडी
आईला परवाच बसवलाय. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही सांगितलंय, पण ती माळ्यावरची पातेली काढायला निघाली!! किती दिवस सांभाळायचं? आणि इंडक्शनवर चहा करू द्यायचा का?

धायरीकर
हात साधारण चार ते सहा आठवडे, मशीनपासून हृदयात जाणारी वायर आत नीट रुजेपर्यंत. पण हात अजिबात न हलवता बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. माझा आखडला होता.

नारायणपेठी
सानेवाडी, इंडक्शनपासून दोन फूट लांब. मोबाइल डाव्या खिशात नको, फोन उजव्या कानाला. आईंना माझा नमस्कार सांगा, पहिले काही आठवडे भीती वाटतेच.

निवृत्त_शिक्षक
ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांत बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना सव्वीस मशीनं लागली, पण ते २००१ पर्यंत जगले, वय ८६. बसवणाऱ्या सर्जनपेक्षाही जास्त जगले. आता एकेक बॅटरी आठदहा वर्षं सहज जाते.

पर्वती_रोज
सर, हे आजच आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवतो. मेट्रोच्या तपासणीचं कोणी सांगेल का? मी दर वेळी घाबरून रिक्षाच करतो.

निवृत्त_शिक्षक
दारातून नेहमीच्या चालीने जा, तिथे रेंगाळू नका. पेसमेकरचं कार्ड दाखवा आणि हातातलं यंत्र छातीवर धरू नका म्हणून सांगा. मी नेहमी जातो.

अपर्णा_ताथवडे
काकांना एकच वायर होती, हृदयाच्या खालच्या कप्प्यात. मानेत ठोके उडायचे, दम लागायचा, गळून जायचे. वरचा आणि खालचा कप्पा एकमेकांशी जुळत नसले की असं होतं. दोन वायरचं करून घेतल्यावर माणूस परत बाजारात जायला लागला. उगाच सोसत बसले इतके दिवस.

मनीषा_कोथरूड
आले. एक राहिलं: धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध जाणं, छातीत दुखणं किंवा दम असेल तर वही बिही काही नाही, ताबडतोब दवाखाना. जखम लाल झाली, सुजली, ताप आला तरी तेच.

सानेवाडी
सगळ्यांचे आभार. आई विचारतेय, विसर्जनाला लक्ष्मी रोडला उभं राहता येईल का?

नारायणपेठी
यंदा नको. गर्दीत डाव्या बाजूला धक्का लागला तर उगाच त्रास. तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणाले की पुढच्या वर्षी आमच्या घरी घेऊन या. गॅलरीतून दिसतं. पातेली तोवर तुम्ही काढून द्या.